आदरातिथ्याचा व्यवसाय आणि आपले विद्यार्थी

बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जाण्याचा विचार मुलाने वा मुलीने घरी बोलून दाखविला, की बहुधा पहिला प्रश्न येतो : "एवढे शिकून शेवटी लोकांची ताटेच उचलायची का?" या प्रश्नाला हसण्यावारी नेणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी गावकीची कामे पिढ्यान् पिढ्या वेठीने केली, महाडच्या १९२७च्या परिषदेपासून बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ती एकेक करून टाकून दिली, आणि ज्यांचे महारवतन १९५८च्या कायद्याने कायमचे संपले, त्यांच्या कानाला 'सेवा' हा शब्द खुपणारच.

विद्यार्थ्यांची अढी मात्र वेगळ्या वाटेने येते. प्रवेश घेताना त्यांच्या डोळ्यांसमोर झगमगता दर्शनी कक्ष, कडक इस्त्रीचा गणवेश आणि दूरदर्शनवरचे नामवंत शेफ असतात. पुढे प्रत्यक्ष हॉटेलात काही महिन्यांचे प्रशिक्षण सुरू होते. स्वयंपाकघर, भोजनकक्ष, स्वागतकक्ष आणि हाउसकीपिंग या चारही विभागांतून फिरावे लागते. दिवसभरात कितीतरी खोल्यांतील पलंगाच्या चादरी बदलायच्या, न्हाणीघरे घासायची, सणासुदीला सर्वांच्या घरी गोडधोड होत असता आपण मात्र पाळीवर उभे राहायचे! उत्साह ओसरतो तो येथे. तुर्कस्तानातील सालिह व झेयनेप कुश्लुवान यांनी पर्यटनाच्या पदवी-विद्यार्थ्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. त्यातही वेतन, बढती, कामाचा ताण आणि वरिष्ठांची वागणूक यांविषयीच नाराजी दिसून आली. म्हणजे तक्रार केवळ कष्टांची नाही. कष्टांचे मोल कसे होते, याची आहे.

वेठ आणि व्यवसाय यांतील भेदही नेमका येथेच आहे, असे आम्हांस वाटते. वेठीला नकार देता येत नव्हता. तिला ठरलेला पगार नव्हता, बढती नव्हती, आणि ती जन्मावरून अंगावर येई. हॉटेलातील खोली झाडणारा पदवीधर पुढे त्याच विभागाचा प्रमुख होऊ शकतो. नको वाटल्यास नोकरी सोडूही शकतो. मात्र जेथे पाळीला अंत नाही आणि अपमान हाच शिस्तीचा भाग समजला जातो, तेथे हा भेद पुसट होतो. पालकांची शंका अशा ठिकाणी खरी ठरते, हे लपविण्यात अर्थ नाही.

या व्यवसायाशी आपले आणखी एक नाते आहे. बडोद्यात नोकरीस गेलेल्या बाबासाहेबांना राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि तो दिवस त्यांनी सार्वजनिक बागेत काढला. पुढे संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांची दारे सर्व नागरिकांना खुली झाली. ज्या दारात बाबासाहेबांना थारा मिळाला नाही, तशाच दारात स्वागतकक्षाच्या टेबलामागे आज आपली मुलगी उभी राहते. याला हलके काम म्हणावयास आमची जीभ धजत नाही.

शिवाय अजिंठा-वेरूळच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगरला, तसेच बोधगया, सारनाथ व कुशीनगर येथे जपान, थायलंड आणि श्रीलंकेतून उपासक येतात. त्रिशरण-पंचशील ज्याला पाठ आहे आणि जातककथा ज्याने लहानपणी ऐकल्या आहेत, असा विद्यार्थी इंग्रजीबरोबर थोडी जपानी वा थाई शिकला, तर या पाहुण्यांशी त्याचे बोलणे खोलीच्या किल्लीपुरते उरणार नाही.

संस्था मात्र पारखून घ्यावी. दादरची संस्था १९५४ पासूनची आहे, आणि अशा केंद्रीय संस्थांचा प्रवेश राष्ट्रीय पातळीवरील सामाईक परीक्षेतून होतो. गल्लोगल्ली निघालेल्या खासगी महाविद्यालयांत भरमसाट शुल्क भरण्याआधी तेथील प्रशिक्षणाचे स्वयंपाकघर पाहावे आणि मागच्या वर्षीची मुले कोणत्या हॉटेलांत, किती विद्यावेतनावर गेली, हे त्या मुलांनाच विचारावे. १९९०च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या आहेत. तेव्हा केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच काढून ठेवावा.