मलिक अंबरच्या नावातला 'अंबर'

प्रश्न: मलिक अंबरच्या नावातल्या 'अंबर'चा अर्थ आकाश असाच घ्यायचा का?

उत्तर: नाही. आकाश हा अर्थ संस्कृत 'अंबर'चा. मलिक अंबरचं नाव अरबी 'अन्बर'वरून आलं. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा हा पदार्थ अत्तरांसाठी फार मोलाचा. कोकणातल्या तस्करीच्या बातम्यांत ज्याला 'व्हेलची उलटी' म्हणतात, तोच. अरब जगात गुलामांना बऱ्याचदा अशी नावं देत: याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर. माणूस विकत घ्यायचा आणि त्याला किमती वस्तूचं नाव द्यायचं, ही त्या गोड नावांमागची क्रूरता आहे. इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मलेल्या या मुलाचं मूळ नाव चापू होतं, असं मानतात.

'मलिक' म्हणजे राजा, अधिपती. ही उपाधी मात्र त्याच्या कर्तृत्वाची आहे. दख्खनमध्ये त्याने मोडकळीला आलेली निजामशाही सावरली, गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणलं, १६१०मध्ये खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झालं. १६२६मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे, वेरूळला जाल तेव्हा अवश्य पाहा.