जन्मवर्षाचा रकाना आणि पालकाची जबाबदारी

10 डिसेंबर 2025 पासून ऑस्ट्रेलियात 16 वर्षांखालील मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब आदी माध्यमांवर स्वतःचे खाते ठेवता येत नाही. वाचकहो, या कायद्यात मुलाला शिक्षा नाही आणि आईवडिलांनाही नाही. लहान मुलांना खात्यापासून रोखण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली असून, ती टाळणाऱ्या कंपनीला 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांचे लक्ष खिळवून ठेवण्यात ज्यांचा नफा आहे, त्यांनाच जाब विचारणे न्यायाचे आहे.

मात्र शासनाने दंडातून वगळले म्हणून पालक अल्लाहपुढील जाबातून सुटत नाही. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आली आहे की, प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला त्याच्या ताब्यातील माणसांविषयी विचारले जाईल.

आता आपल्या घरांकडे पाहा. बहुतेक माध्यमांच्या स्वतःच्या नियमांतही किमान वय 13 वर्षे आहे. दहा वर्षांच्या मुलाचे खाते उघडायचे तर जन्मवर्षाच्या रकान्यात खोटे वर्ष भरावे लागते, आणि पुष्कळदा ते घरातील वडीलधारेच भरून देतात. एवढ्याने काय बिघडते, असे म्हटले जाते. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक प्रसंग आठवावा. एका आईने ‘काही देते’ म्हणून मुलाला जवळ बोलाविले. प्रेषितांनी (स.) विचारले, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. काहीच दिले नसते तर ते तुझ्या नावे असत्य म्हणून लिहिले गेले असते, असे त्यांनी तिला समजाविले. तेथे गोष्ट केवळ खजुराची होती.

काही किशोरवयीन मुले विचारतात, आमच्यावर नमाज फर्ज झाली, मग खाते का नको? प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचा धागा सूरह निसाच्या सहाव्या आयतीत सापडतो. अनाथाची मालमत्ता त्याच्या हाती देण्यासाठी तेथे केवळ वयात येणे पुरेसे मानलेले नाही. ‘रुश्द’, म्हणजे व्यवहाराची समज, दिसली पाहिजे आणि तत्पूर्वी परीक्षा घेतली पाहिजे. ही परीक्षा कशी घ्यावी याचाही फिकहच्या विद्वानांनी विचार केला. हनफी मतानुसार पालकाच्या परवानगीने मुलाला थोडा व्यापार करू द्यावा. आपल्या कोकणात प्रचलित असलेल्या शाफई मतानुसार मुलाने भाव करावा, सौदा मात्र पालकाने पुरा करावा. फोनच्या बाबतीतही हीच रीत योग्य वाटते. हा अर्थात माझा विचार आहे, फतवा नव्हे.

भारतात सरसकट वयोबंदी करणारा केंद्रीय कायदा नाही. तथापि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी कंपनीला पालकाची पडताळलेली संमती घ्यावी लागेल. मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यासही त्यात मनाई आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. संमतीची तरतूद त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहे. हा अवधी परीक्षेसाठी वापरता येईल. अजान झाली की मूल न सांगता फोन खाली ठेवते काय? अनोळखी माणसाचा संदेश आला तर मार बसेल या भीतीने लपविते, की आईजवळ येऊन दाखविते?