फोटो काढू का, माऊली?

तुझा प्रश्न वाचला. ‘ताई, अनोळखी माणसासमोर कॅमेरा उचलायला हातच धजत नाही, काय करू?’ अगं, हात अडखळतो याचा मला आनंदच झाला. आपण कुणाच्या तरी चेहऱ्याला हात घालतोय हे तुला आतून कळतंय. ज्यांचा हात कधीच अडखळत नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

फक्त या भीतीपोटी एक आडवाट धरू नकोस. लांब कोपऱ्यात उभं राहायचं, मोठी झूम लावायची आणि कुणाला कळायच्या आत टिपून मोकळं व्हायचं. बहुतेक नवी मुलं तिथूनच सुरुवात करतात. त्यानं भीती जात नाही, वाढते, कारण आपण चोरून काहीतरी करतोय हे आपल्यालाच ठाऊक असतं. मग कुणी नुसतं वळून पाहिलं तरी छातीत धस्स होतं. त्यापेक्षा 35 किंवा 50 मिलिमीटरची साधी लेन्स लाव, म्हणजे तुला जवळ जावंच लागेल. कॅमेरा पिशवीत दडवू नकोस, गळ्यात दिसू दे. आल्या आल्या फोटो काढायला लागू नकोस. एका जागी थांब, चहा घे, आजूबाजूच्यांशी दोन शब्द बोल. थोड्या वेळानं लोकांना तुझी सवय होते आणि तुलाही त्यांची.

यंदा तू वारीला जाणार आहेस ना? मग वारीचंच धरून बोलू. शिकायला याहून चांगली जागा नाही, कारण तिथं हाक मारायला शब्द तयार आहे. कुणालाही ‘माऊली’ म्हण. ‘माऊली, एक फोटो काढू का?’ एवढं पुरे. चालत्या दिंडीत बोलायला वेळ नसतो, तिथं कॅमेरा किंचित वर कर आणि नजरेनंच विचार. मान हलली की काढ. हात आडवा झाला किंवा तोंड फिरलं, की कॅमेरा खाली घे आणि नमस्कार करून पुढं हो. नकाराचं कारण विचारू नकोस. ‘ही तर सार्वजनिक जागा आहे’ हे वाक्य तर तोंडातून कधीच काढू नकोस. ते खरं असलं तरी समोरच्याचा अपमान करतं.

विचारलं की फोटोतली सहजता जाते, असं तुला कुणीतरी सांगितलंय. थोडी जाते, हे खरं. पण पुढं काय होतं ते बघ. दिवे घाट चढून दिंड्या सासवडच्या मुक्कामाला येतात. तिथं झाडाखाली एखादी आजी पाय पसरून पोटऱ्या चोळत बसलेली असते. तू विचारतेस, ती हो म्हणते. लगेच पाय आवरून घेते, डोक्यावरचा पदर सारखा करते, बाजूला ठेवलेलं तुळशीवृंदावन मांडीवर घेते आणि कॅमेऱ्याकडे न हसता ताठ बघते. तुला वाटतं, गेला फोटो. तसं नाही. तो फोटो मनापासून काढ, कारण तिला स्वतःला जगापुढं तसंच दाखवायचंय. तिला स्क्रीनवर दाखव. ती शेजारणीला हाक मारते, दोघी बघतात, हसतात. मग तू तिथंच टेकतेस, गाव कुठलं, घरी कोण कोण, किती वर्षं वारी, असं बोलणं निघतं आणि बोलता बोलता तिचे हात परत पोटऱ्यांवर जातात. तेव्हा पुन्हा विचार, ‘आजी, असाच एक काढू?’ पहिला फोटो त्यांच्या मनासारखा, दुसरा आपल्या मनासारखा, आणि दोन्ही त्यांच्या संमतीनं.

दिंडीचीही रीत असते, ती सांभाळ. ओळीतून आडवी जाऊ नकोस, विणेकऱ्याची वाट अडवू नकोस, कुणाच्या तोंडावर फ्लॅश मारू नकोस.

आता जे अगदी कळकळीनं सांगायचंय ते. वारीत बायका नदीवर, टँकरच्या नळाखाली, उघड्यावर आंघोळ करतात, कारण पुरेशी सोय नसते. कित्येक जणी त्यासाठी पहाटे अंधारात उठतात. इंद्रायणी, नीरा, चंद्रभागा, कुठल्याही काठावर ओलेत्या बाईकडे कॅमेरा वळवू नकोस. पाठमोरी असली तरी नको, धुक्यात कितीही सुंदर दिसत असली तरी नको. असे फोटो काढले जातात, छापले जातात, त्यांना बक्षिसंही मिळतात. मला ते बघवत नाहीत. तिनं उघड्यावर अंग धुतलं ते नाइलाजानं, आपल्याला दृश्य हवं म्हणून नव्हे. दमून अस्ताव्यस्त झोपलेल्या माणसाचं तेच, रडणाऱ्याचं तेच, भिकाऱ्याचंही तेच. ज्याला त्या क्षणी ‘नको’ म्हणता येत नाही, त्याचा फोटो सोडून द्यायचा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला सरसकट बंदी आपल्याकडे नाही. पण सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. स्त्री खासगी अवस्थेत असताना, कुणी आपल्याला पाहत नाही अशा भरवशावर असताना तिचं चित्रण करणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद होऊ शकते. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढूच नकोस, आणि शाळेचं नाव दिसेल असा फोटो तर कुठंही टाकू नकोस.

कुणी चिडलंच तर? फोटो त्यांच्यासमोर पुसून टाक, माफी माग आणि निघ. आणि हे तुझ्यासाठीही सांगते, एकटी असशील तेव्हा वाद घालत उभी राहू नकोस. पण मुलगी आहेस म्हणून मागंही राहू नकोस. होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, साडी नेसून अवजड कॅमेरा घेऊन फिरायच्या. बाई म्हणून कुणी फारसं मनावर घ्यायचं नाही, त्याचाच त्यांना उपयोग झाला. त्यांना 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं. बायकांच्या राहुटीत शेजारी बसून जे तुला दिसेल, ते कुठल्याही पुरुष छायाचित्रकाराला दिसणार नाही.

आणखी एक. नाव विचारत जा. अमेरिकेत 1936 साली डोरोथिया लँगनं काढलेला ‘मायग्रंट मदर’ हा फोटो जगभर गेला. मुलं अंगाला बिलगलेली ती आई कोण, हे 1978 पर्यंत लोकांना ठाऊक नव्हतं. तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तो फोटो काढलाच नसता तर बरं, असं ती पुढं बोलून गेली. आपलं नावही विचारलं नाही, ही तिची तक्रार होती. फोटो थोर होता, तरी तिची तक्रार मला खोटी वाटत नाही. आपल्याकडे संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांचे आणि वारीचे फोटो काढले, ते मिळाले तर जरूर बघ. फडाच्या राहुट्यांत जाऊन, माणसांच्या सोबत राहून केलेलं काम कसं दिसतं ते कळेल.

म्हणून निघताना खिशात एक छोटी वही ठेव. नाव, गाव, पत्ता, घरच्या कुणाचा तरी फोन नंबर. सोशल मीडियावर टाकायचा असेल तर तेही तिथंच विचार. ‘मोबाइलवर सगळ्यांना दिसेल, चालेल का?’ असं साध्या भाषेत विचारलं की कळतं. आणि ‘पाठवते हं’ असं म्हणालीस तर खरंच पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलास तरी चालेल, पण म्हाताऱ्या माणसांना कागदावरचा फोटो हवा असतो, तो भिंतीवर लावता येतो. वारीहून आलीस की आठवडाभरात प्रिंट काढून पाकिटं पोस्टात टाक. इन्स्टाग्रामवर काय टाकायचं ते त्यानंतर बघू.