घराची आठवण जपणारी गोधडी

मुरबाड तालुक्यातील धसई हे नाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यभर पोहोचले. आसपासच्या अनेक खेड्यापाड्यांची बाजारपेठ असलेले हे गाव त्या महिन्यात राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि दुकानांतून कार्ड घेणारी यंत्रे बसली. तो प्रयोग पुढे कितपत रुजला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. परंतु या बाजारपेठेत मीठमिरचीसाठी येणाऱ्या स्त्रियांच्या घरी, माळ्यावर किंवा पत्र्याच्या पेटीत, दुसऱ्याच प्रकारचे धन घडी घालून ठेवलेले असते. ते म्हणजे गोधडी. या धनाची मोजदाद कोणत्याही नोंदवहीत नाही. ते शिवणाऱ्या हातांची नावेही कोठे लिहिलेली नाहीत. गोधडीचा विचार कला म्हणून, शिक्षणाचे साधन म्हणून किंवा बचत गटाचा व्यवसाय म्हणून करावयाचा असेल, तर प्रथम या उणिवेकडे लक्ष द्यावे लागेल.

कोकणपट्टीत गोधडीला वाकळ असेही म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवली की तिचे दुपटे होते. संस्कृतातील कंथा हा शब्द याच वस्तूचा. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा अशा नावांनी ओळखत, ते त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळे. गोधडी ही गरिबीची खूण आहे, अशी समजूत यातून पसरली असल्यास नवल नाही. सुबत्ता येताच अनेक घरांनी पहिल्या प्रथम गोधडीच दृष्टिआड केली.

शेतीच्या सवडीतील काम

भातशेतीचे वेळापत्रक हेच गोधडीचेही वेळापत्रक होय. पावसाळ्यात आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि पाठोपाठ झोडणी, या काळात सुई हाती घेण्यास कोणाला फुरसत नसते. उन्हाळ्यातील दुपारी मात्र थोड्या मोकळ्या मिळतात. सारवलेल्या अंगणात किंवा पडवीत जुने लुगडे अंथरावयाचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ते ताणावयाचे, त्यावर धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे मांडावयाचे आणि वरून दुसरे लुगडे घालून टाचावयाचे. मग दोघी-तिघी कडेने बसून टाके घालू लागतात. मृग लागण्यापूर्वी गोधडी शिवून, धुऊन, वाळवून घरात आली पाहिजे, हा दंडक असतो. प्रशिक्षण वर्गांच्या तारखा ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घेणे इष्ट ठरेल. त्याचबरोबर हेही विसरता कामा नये की, अनेक कातकरी कुटुंबे याच महिन्यांत वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. उन्हाळ्यातील वर्ग त्या स्त्रियांपर्यंत पोहोचत नाही.

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष महिन्यात भरणारी यात्रा बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घोंगडी यात्रेतून विकत आणावयाची आणि गोधडी घरी शिवावयाची, अशी ही वाटणी आहे. घोंगडीला भाव आहे, पारख करणारे गिऱ्हाईक आहे, विणणाऱ्यांची परंपरा सर्वांना ठाऊक आहे. गोधडी मात्र घरात जन्मते आणि घरातच झिजते. मजुरी घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया अनेक गावांत आहेत. पण त्यांना मिळते ती शिलाई. कापड निवडण्यास आणि रंगांची जुळणी करण्यास लागणाऱ्या नजरेचे मोल त्यात धरलेले नसते.

कापड कोणाचे, हात कोणाचा

एखाद्या घरातील जुनी गोधडी उलगडून वयस्क स्त्रीसमोर ठेवावी आणि हा तुकडा कशाचा, असे विचारावे. सासूचे शेवटचे लुगडे, मुलाचा शाळेतील पहिला सदरा, माहेरहून आलेले चोळीचे खण, अशी उत्तरे मिळू लागतात. कापडाचा तुकडा माणसाचे नाव घेऊन येतो. म्हणून घरातील माणसाच्या वस्त्रांची गोधडी पांघरताना त्या माणसाची ऊब मिळते, ही भावना सार्वत्रिक आहे. गोधडी हा अशा अर्थाने घराचा दस्तऐवज आहे. मात्र तो वाचणारी व्यक्ती गेली की अक्षरे तशीच राहून अर्थ नाहीसा होतो. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर पुस्तक सिद्ध केले आहे. प्रत्येक तालुक्यात असे काम होण्याची गरज आहे, आणि त्यासाठी बाहेरच्या अभ्यासकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातील गोधडीत टाका बहुधा काठापासून सुरू होतो आणि काठाला समांतर फिरत फिरत मध्याकडे येतो. असे शिवताना मधोमध कापडाचा फुगा राहण्याचा धोका असतो. तो प्रत्येक फेरीत थोडा थोडा जिरवीत नेणे, हेच खरे कौशल्य. टाका साधा धावदोऱ्याचा. परंतु दोन ओळींतील अंतर, दोऱ्याचा रंग आणि ओढ यांवरून शिवणारीचा हात ओळखता येतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी नावाची गोधडी शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी ठिगळांची फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. उपयोगाच्या दृष्टीने या फुलांची गरज नसते, तरीही ती लागतात. कलेची सुरुवात अशाच जागी होते.

दोन उदाहरणांपासून घ्यावयाचा बोध

घरातील स्त्रियांची कला बाजारात येते तेव्हा काय घडते, याचे उदाहरण जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहे. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागातील वारली घरांत लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचे काम सुवासिनींचे होते. १९७० नंतरच्या दशकात हस्तकला क्षेत्रातील भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्यासारखा थोर कलावंत त्यातून जगाला मिळाला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान झाली. त्यांची योग्यता निर्विवाद आहे. परंतु ज्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहीत आल्या, त्यांची नावे फारशी पुढे आली नाहीत.

याच भास्कर कुलकर्णींनी त्याआधी, १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात, मधुबनी परिसरातील स्त्रियांना कागद देऊन चित्रे काढण्यास प्रवृत्त केले होते. तेथे जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये आणि सीता देवी यांना १९८१ मध्ये पद्मश्री मिळाली. भिंत सोडून कागदावर येणे दोन्हीकडे घडले. नावे मात्र एकीकडे स्त्रियांची राहिली, दुसरीकडे मागे पडली. यामागे अनेक कारणे असतील. तरी पहिल्या दिवसापासून कोणाच्या हातात कागद दिला जातो आणि कोणाच्या नावाने चित्र नोंदले जाते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, एवढे निश्चित.

बिहारमधीलच सुजनीचे उदाहरण गोधडीला अधिक जवळचे आहे. नवजात बाळासाठी जुन्या मऊ कापडाचे थर धावदोऱ्याने शिवण्याची ही प्रथा. मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसरा येथील स्त्रियांनी तिला विसाव्या शतकाच्या अखेरीस नवे रूप दिले आणि हुंडा, मुलींचे शिक्षण असे स्वतःच्या आयुष्यातील विषय सुईने चितारले. सुजनीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ मध्ये या कामातील निर्मला देवी यांना पद्मश्री जाहीर झाली. येथे चित्राचे विषय स्त्रियांच्या स्वतःच्या आयुष्यातले होते, हे विशेष होय.

आठवणीची गोधडी : शाळा व गटांसाठी पाठ

मोठ्या गोधडीने आरंभ करू नये. दीड फूट चौरसाचा एक तुकडा प्रत्येकीने करावा. पुढे असे बारा तुकडे जोडले की साडेचार फूट रुंद व सहा फूट लांब गोधडी तयार होते.

कापडाची निवड हा पहिला आणि सर्वांत कठीण भाग. जुने सुती लुगडे धुऊन धुऊन मऊ झालेले असते. त्यातून सुई सहज जाते आणि ते घाम शोषून घेते. कृत्रिम धाग्यांच्या साड्या घरोघर आल्यापासून असे कापड दुर्मिळ होऊ लागले आहे. त्या साड्या टिकाऊ असल्या तरी निसरड्या असतात, थर जागचा हलतो आणि चुलीची ठिणगी पडल्यास कापड वितळून अंगाला चिकटते. शंका असल्यास कडेचा एक धागा ओढून, चिमट्यात धरून, शिक्षकांनी स्वतः जाळून पाहावा. सुती धागा जळत्या कागदासारखा वास देऊन राख होतो. कृत्रिम धाग्याचा कडक मणी बनतो. रंग जाण्याची भीती असल्यास पांढरे ओले फडके त्या कापडावर चोळावे. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा वेगळा धुवावा, अथवा वापरूच नये. एका गर्द चोळीने सगळी गोधडी डागाळल्याची उदाहरणे घरोघर सापडतील.

कापड निवडण्यापूर्वी, खरे तर त्याच वेळी, विद्यार्थ्याने घरातील वडीलधाऱ्या स्त्रीशी बोलावे. हे वस्त्र कोणाचे, कोठून आले, ते अंगावर असताना काय घडले, एवढेच विचारावे. उत्तर तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत लिहून घ्यावे. शिक्षकांनी ते शुद्ध करू नये. चित्र या उत्तरातून निघाले पाहिजे. डोक्यावर इरले घेऊन वाकलेल्या बाया, म्हशाच्या यात्रेतून आणलेला खोंड, गोरखगड आणि मच्छिंद्रगड यांचे जोडसुळके, नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण, अशी दृश्ये या तालुक्यातील मनांत आधीच आहेत. वारली आकृत्यांचे छापील नमुने गिरविणे सोपे व आकर्षक असते. परंतु धसईजवळच्या कुणबी किंवा ठाकर घरातील आजीची आठवण त्यांत सापडणार नाही, आणि वारल्यांचा चौकही त्यामुळे निव्वळ नक्षी होऊन बसतो.

आकृती खडूने कापडावर काढावी. बाह्यरेषा साखळी टाक्याने, बारीक रेषा उलट्या टिपेने भराव्यात. ठिगळ लावावयाचे असल्यास कड पाव इंच आत दुमडून हेम घालावी. भरतकाम वरच्या एकाच थरावर पुरे करावे आणि नंतरच खालचे थर जोडून टाचावे; आधी थर जोडले तर भरताच्या गाठी पाठीमागे येतात व पांघरताना टोचतात. शेवटी सर्व थरांतून धावदोरा घालताना तो आकृतीच्या कडेकडेने फिरवावा. त्यामुळे आकृती किंचित उठून दिसते. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. तो पिळतो, गुंततो, आणि मुलांचा धीर तेथेच सुटतो.

मोल कसे ठरवावे

बचत गटाने गोधडी विकावयाचे ठरविले तर भाव कसा काढावा, हा प्रश्न ग्रामपंचायतीपुढेही येईल. एक साधा हिशोब उपयोगी पडेल. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडीत अर्ध्या इंचाच्या अंतराने लांबीच्या दिशेने ओळी घातल्या तर ९६ ओळी होतात. म्हणजे ५७६ फूट शिवण. टाका आणि त्यामागची मोकळी जागा मिळून अर्धा इंच धरला तर हे सुमारे १३,८०० टाके झाले. दोरा ओवणे, गाठ मारणे, पाठ सरळ करणे हे सारे जमेस धरून मिनिटाला १० टाके मानले तरी २३ तास लागतात. आठ तासांच्या दिवसाने हे जवळजवळ तीन दिवस झाले. ओळी पाव इंचावर आणल्या तर काम दुप्पट होते. धुणे, टाचणे, भरतकाम यांचा वेळ निराळाच. हा हिशोब न मांडता शहरातील दुकानदाराने सांगितलेला भाव मान्य केला, तर दिवसाची मजुरीदेखील हाती पडत नाही. ‘उमेद’ अभियानातील गट ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांतून थेट गिऱ्हाइकापर्यंत जाऊ शकतात, तेथे हा हिशोब गोधडीशेजारी लिहून ठेवण्यास हरकत नसावी. आपल्या घरच्या माणसांच्या कपड्यांची गोधडी मात्र विकण्याचा आग्रह कोणी धरू नये. गिऱ्हाइकाने स्वतःच्या घरचे कापड आणावे आणि कारागीर स्त्रीने ते शिवावे, ही रीत अधिक योग्य होय.

नोंद

प्रत्येक गोधडीच्या मागील बाजूस, एका कोपऱ्यात, दोन बोटे रुंद सुती पट्टी शिवावी व तिच्यावर शिवणारीचे नाव, गाव आणि वर्ष दोऱ्यानेच लिहावे. शाईने लिहिलेले धुण्यात जाते. एकीपेक्षा अधिक जणींनी शिवली असेल तर सर्वांची नावे घालावीत. जिला लिहिता येत नाही तिने आपली खूण भरावी आणि शेजारी दुसरीने तिचे नाव लिहावे. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक वही ठेवून तीत प्रत्येक गोधडीचे छायाचित्र, तुकड्यांची माहिती आणि आजीचे शब्द उतरवावेत. जुन्या गोधड्यांपासून हे काम सुरू करणे अगत्याचे आहे. नव्या गोधड्या थांबू शकतात, त्या जुन्या गोधड्यांची माहिती सांगणाऱ्या स्त्रिया थांबणार नाहीत.

जुनी गोधडी जपताना ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, पावसाळ्यात आत दमटपणा कोंडून बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला सोबत ठेवून, ती कोरड्या जागी ठेवावी. पावसाळा सरल्यावर सावलीत पसरून वारा द्यावा आणि पुन्हा घडी घालताना ती जुन्या रेषेवर न घालता थोडी सरकवून घालावी, म्हणजे कापड एकाच जागी चिरत नाही.