पंगतीपूर्वीं पाट मोजावे

ता. १६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां महाराष्ट्रांतील दहावीचा निकाल संकेतस्थळांवर प्रसिद्ध व्हावयाचा होता. कोरोनाच्या सांथीमुळें त्या वर्षीं परीक्षा झाली नव्हती. शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला होता. पंधरा लक्षांहून अधिक विद्यार्थी वाट पाहत होते. वेळ झाली, पण संकेतस्थळें कित्येक तास उघडेनात. एकाच क्षणीं अशा असंख्य मागण्या आल्या असतां यंत्राचें काय होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

लालबाग-परळच्या खाणावळी डोळ्यांपुढें आणा. खोलींत जितके पाट मावतात, तितकेच लोक एका वेळीं जेवतात. सर्व्हर ही अशीच खाणावळ आहे. त्याची रॅम म्हणजे खोली. पुष्कळ सर्व्हरांत प्रत्येक मागणीसाठीं प्रोग्रॅमची एक स्वतंत्र प्रत गुंतून राहते. ती प्रत म्हणजे एक पाट.

समजा, रॅम ८ गिगाबाइट, म्हणजे ८१९२ मेगाबाइट आहे. त्यांतील २०४८ यंत्राच्या स्वतःच्या कामास व डेटाबेसला लागतात. उरले ६१४४. एक प्रत ६४ मेगाबाइट घेत असेल, तर ९६ प्रती मावतील. परंतु अपाची या प्रसिद्ध सर्व्हरच्या प्रीफोर्क पद्धतींत ही मर्यादा मुळांत २५६ असते. तितक्या प्रती उठल्या, तर १६३८४ मेगाबाइट लागतील. म्हणजे सबंध रॅमच्या दुप्पट!

मग यंत्र कांहीं सामान डिस्कवर हलवितें. डिस्क रॅमहून फार मंद. त्यामुळें उत्तरास विलंब होतो, लोक पुन्हां पुन्हां बटण दाबतात आणि गर्दी वाढते. शेवटीं लिनक्ससारखी प्रणाली जागेसाठीं एखादें चालू काम मध्येंच बंद पाडते. तें डेटाबेसचेंही असूं शकतें.

हे उपाय निकालाच्या दिवशीं सुचून उपयोग नाहीं. संकेतस्थळ सर्वांस खुलें करण्यापूर्वीं कृत्रिम गर्दी करून एक प्रत जास्तींत जास्त किती जागा घेते, तें मोजावें. मर्यादा ९६ हूनही कमी, समजा ८०, ठेवावी. बाकीच्यांनीं रांगेंत थांबावें. रांगेंतल्यास उशिरां कां होईना उत्तर मिळतें. कोसळलेल्या यंत्राकडून कोणासच मिळत नाहीं. मग प्रत हलकी करावी. एका मुलाचे गुण दाखविण्यास सर्वांची यादी रॅममध्यें आणूं नये. चित्रें व न बदलणारीं पानें एन्जिनएक्ससारख्या सर्व्हरकडे सोंपवावीं. इगोर सिसोएव्ह यानें २००४ मध्यें प्रसिद्ध केलेला हा सर्व्हर थोड्याच प्रतींत हजारों जोडण्या सांभाळतो. एक प्रत ६४ वरून ४८ मेगाबाइटवर आली, तर त्याच खोलींत १२८ पाट मावतील. नवें यंत्र घ्यावें लागणार नाहीं.

बुरूज बांधूं इच्छिणारानें आधीं बसून खर्चाचा हिशोब करावा, असें प्रभु येशूनें लोकांस सांगितलें. हीं यंत्रें पुढें आपल्यापैकींच कोणी चालवील. प्रत्येक मागणीमागें एखादें मूल आणि त्याचे आईबाप वाट पाहत असतात; त्यांस दारांतून परत जावें लागूं नये, एवढ्याचसाठीं हा हिशोब आधीं करावयाचा.