मुलाने घरी येऊन सांगावे म्हणून



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू झाला होता. मागच्या रांगेतला नऊ वर्षांचा एक मुलगा एकाच पायावर भार देऊन उभा होता. पोटरीला फडके बांधलेले. काय झाले विचारले, तर म्हणाला, "पडलो, फादर." वर्ग सुटल्यावर बाजूला घेऊन पुन्हा विचारले. बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला आणि मग एकदम रडत म्हणाला, "कुत्रं चावलं. घरी सांगू नका फादर, बाबा मारतीन."

चावून चार दिवस झाले होते. नदीकडे जायचे नाही असे बापाने बजावले होते. हा गेला, आणि तिकडेच एका अनोळखी कुत्र्याने पोटरी धरली. घरी येऊन त्याने जखमेवर नुसते पाणी ओतले, हळद दाबली आणि फडके बांधले. आईला वाटले, खरचटले असेल.

आम्ही बापाला बोलावून घेतले. माणूस चांगला, कष्टाळू. ऐकून तो मटकन खालीच बसला. पहिले वाक्य त्याच्या तोंडून निघाले ते असे: "मी काय त्याला खाल्लं असतं का, फादर?" पोराकडे पाहिले तर ते आमच्या झग्यामागे उभे. त्याला खरोखरच तसे वाटत होते.

दोघांना मोटारसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात पाठवले. त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. बापाचे पोरावर प्रेम आहे, पोराला बाप हवा आहे, मग जीव वाचवणारी एक गोष्ट चार दिवस घरात का बोलली गेली नाही? आता धर्मगुरूला मुलेबाळे नाहीत, त्याने पालकांना काय शिकवावे, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण घरात न सांगितलेल्या गोष्टी ऐकण्याचे काम आमच्या वाट्याला बरेच येते, म्हणून हे चार शब्द.

मूल हरवल्याची, आईबापांच्या जिवाला घोर लागल्याची एक हकिकत शुभवर्तमानात आहे. पवित्र कुटुंबाच्या सणाला 'क' वर्षी लूकच्या दुसऱ्या अध्यायातला तो उतारा आपण ऐकतो. वल्हांडणासाठी सारे यरुशलेमला गेले. नाझरेथपासून शंभराहून अधिक किलोमीटरची वाट, पायी. परतताना बारा वर्षांचा येशू मागेच राहिला. मारिया आणि योसेफ यांना वाटले, सोबतच्या मंडळीत असेल. एक दिवसाची मजल झाल्यावर त्यांनी नातेवाइकांत, ओळखीच्यांत शोध घेतला आणि तो नाही हे ध्यानात आले. यात नवल नाही. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजाकडून आपल्या जिल्ह्यात येते, तेव्हाची गर्दी आठवा. आईला वाटते पोरगा बापाबरोबर आहे, बापाला वाटते मावशीबरोबर आहे.

तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. आम्ही सेमिनरीत हा उतारा शिकलो तेव्हा सगळे लक्ष येशूच्या उत्तरावर होते. आता वाचताना आमची नजर आधी आईच्या बोलण्यावर थांबते. तीन दिवसांच्या शोधानंतर मारियेने मुलाला जवळ घेतले की कसे, ते लूक सांगत नाही. तिने प्रश्न विचारला, हे सांगतो. तू असे का केलेस, आणि आम्ही दोघे किती कासावीस होऊन तुला शोधत होतो, या दोनच गोष्टी ती बोलली. तिने राग लपवला नाही, काळजीही लपवली नाही. पण आधी विचारले. म्हणून मुलाला उत्तर देता आले. ते उत्तर आईबापांना पूर्ण कळले नाही, तरी तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

आपल्या घरांत उलटे होते. झाडावरून पडलेल्या पोराला उचलण्याआधी एक चापट बसते. ती भीतीपोटी बसते, हे आम्ही जाणतो. पण पोराच्या हिशेबात एवढेच जमा होते की लागले आणि वर मारही खाल्ला, पुढच्या वेळी सांगायचे नाही.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती लाजेची. "मुलगा असून रडतोस?" हे वाक्य आपण तीन वर्षांच्या पोरालाही ऐकवतो. दहाव्या वर्षापर्यंत तो शिकतो की दुखणे सांगणे हे पोरीचे काम. याची किंमत कधीकधी फार मोठी असते. एकच उदाहरण देतो. चर्चच्या पत्रकात हे कशाला, असे कुणाला वाटले तर वाटो. वाढत्या वयाच्या मुलाच्या अंडकोशात एकाएकी तीव्र वेदना सुरू झाली, तर आत पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा थांबतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो भाग बहुधा वाचतो, उशीर झाला तर काढून टाकावा लागतो. मुले लाजेने "पोट दुखतं" एवढेच म्हणतात आणि पांघरूण घेऊन पडून राहतात. बापाने मुलाला हे एकदा सरळ शब्दांत सांगून ठेवावे. दहा मिनिटांचे काम आहे.

मुलाने येऊन सांगितले, तर पुढे काय करायचे हे आपल्याला ठाऊक हवे. संत थॉमस अॅक्वायनस यांनी विवेकाचे आठ भाग सांगितले आहेत. त्यांत दूरदृष्टी आहे, सावधपणा आहे, आणि दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारीसुद्धा आहे. व्यवहाराच्या बाबतीत कुणीही एकटा स्वतःला पुरेसा नसतो, म्हणून वडीलधाऱ्यांनाही शिकावे लागते, असे ते म्हणतात. आपल्या गावात शिकवायला आशाताई आहे, नर्सबाई आहे. विचारायला लाजू नये.

कुत्र्याचेच घ्या. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा. कारण विषाणू जखमेतच असतात आणि साबणाने ते मोठ्या प्रमाणात मरतात. तिखट, चुना, तेल, हळद काही भरायचे नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. हल्ली पोटात चौदा इंजेक्शने देत नाहीत, ती पोराला घातलेली जुनी भीती आता सोडा. दंडाला टोचतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेतच वेगळे सीरम भरावे लागते, ते मागून घ्या. उशीर झाला असला तरी जायचेच. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. आणि जगभरात संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ही लस ज्या रुग्णामुळे जगाला माहीत झाली, तोही नऊ वर्षांचा मुलगाच होता. फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास भागातला जोसेफ माइस्टर. 1885 च्या जुलैमध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावले. दोन दिवसांत त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्या दारात उभी राहिली. माणसावर तोवर कुणी खात्रीने वापरून न पाहिलेली लस 6 जुलैपासून त्याला टोचण्यात आली, आणि जोसेफ जगला. मोठेपणी तो पाश्चर यांच्या संस्थेतच राखणदार झाला. आम्हाला पाश्चरइतकेच कौतुक त्या आईचे वाटते. तिने वेळ घालवला नाही.

विंचवाचे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. पऱ्हाटीचा ढीग, कुटाराची खोली, पावसात अंगणात ठेवलेली चप्पल. लाल विंचू लहान मुलांच्या हृदयावर घाला घालतो. याबाबतीत आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेल्या एका डॉक्टरांचे ऋण साऱ्या कोकणावर आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण, त्यातही मुले, डोळ्यांदेखत दगावत. ते रात्र रात्र खाटेशेजारी बसून लक्षणे टिपत राहिले. त्यांची निरीक्षणे 1982 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी वापरून दाखवले, आणि जिथे दहातले चारपर्यंत रुग्ण जात तिथे मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पालकांनी लक्षात ठेवायचे ते एवढेच: विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तर ती त्रासाची गोष्ट आहे, पण उलट्या, दरदरून घाम आणि हातपाय गार पडणे ही धोक्याची खूण आहे. गंमत अशी की अशा वेळी वेदना फारशी नसतेही. "उतरलं" म्हणून घरचे खूश होतात. तेव्हाच 108 ला फोन करायचा.

पान लागले तर भगताकडे जाण्यात तास घालवू नका. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, पाय हलू न देता दवाखान्यात न्या. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात उमटलेले दिसतही नाहीत. पहाटे पोटात दुखते आणि पापण्या जड होतात. मुलांना बाजेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपवले तर यातले बरेच टळते.

एवढे वाचून काही आया म्हणतील, नकोच ते बाहेर जाणे, मोबाईल देऊन घरात बसवलेले बरे. हा मोह आम्ही ओळखतो. अॅरिस्टॉटलने धैर्याला भित्रेपणा आणि बेफिकिरी यांच्या मधली जागा दिली, आणि ती जागा वापरानेच सापडते असे सांगितले. घरात कोंडलेल्या पोराला ती कधी सापडावी? इथून जवळच सिंदखेडराजात, लखुजी जाधवांच्या घरी, 1598 मध्ये जिजाऊंचा जन्म झाला. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत त्यांनी गमावला. तरी धाकट्याला त्यांनी वाड्यात बांधून ठेवले नाही. अफजलखानाला तोंड द्यायला तो निघाला, तेव्हा या आईच्या काळजात काय झाले असेल, ते मुलगे असलेल्या आयांनी समजून घ्यावे.

तेव्हा सहली होतील. वर्गातल्या मुलांना बीबीवरून लोणारला नेले, तेव्हा आम्ही स्वतः घाबरलेलो होतो. उल्का आदळून बसाल्टच्या खडकात पडलेला सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा, काठाला उतार, खाली खारे पाणी. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले होते, खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. मुलांना त्याचेच आकर्षण. आम्ही जोड्या लावल्या, प्रत्येकाने आपला जोडीदार सांभाळायचा, आणि दर अर्ध्या तासाने मोजणी. मारिया-योसेफांच्या काफिल्यात अशी मोजणी नव्हती, असे एक जण हळूच म्हणाला. धारेजवळ वानराने एकाचा डबा पळवला, दुसऱ्याचा गुडघा फुटला. गुडघा फुटलेला स्वतः येऊन सांगून गेला. आम्हाला तेवढे पुरे.

मोठी काळजी आहे ती शेततळ्यांची. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना 2016 मध्ये आली आणि पाण्याची सोय झाली, चांगले झाले. पण प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरते आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठाला खुंटा ठोकून गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा, एक फुगवलेली ट्यूब तरंगत ठेवा, तारेचे कुंपण करा. कुणी पडले तर मागोमाग उडी टाकू नका. एकाला वाचवताना दोघे गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. दोर टाका, लुगडे टाका, ओरडा. आणि पोरांना सांगा की मित्र बुडत असेल तर पळून घरी येऊन सांगायचे. कुणी मारणार नाही, असे शब्द देऊन सांगा आणि मग तो शब्द पाळा.

त्या कुत्रा चावलेल्या मुलाचे पुढे काय झाले, ते राहिले. सीरम मिळाले, चारही वेळा लस झाली, बापाने एकही खेप चुकवली नाही. तिसऱ्या खेपेला आम्ही बापाला विचारले, नदीकडे गेल्याबद्दल काही शिक्षा केली की नाही? म्हणाला, "केली ना. महिनाभर ढोरांना पाणी पाजायचं काम दिलं. पण मारलं नाही फादर, इचारा त्याले." विचारले. पोरगा म्हणाला, "नाही मारलं." मग दंड चोळत त्याने उलट आम्हालाच विचारले, पुढच्या वेळी लोणारला त्याचा जोडीदार कोण असणार.