‘पट्टी’ : एका जुन्या शब्दाचे अर्थशास्त्र

उसिलमपट्टी, आंडिपट्टी, कोविलपट्टी ही तमिळनाडूच्या दक्षिण भागातील गावांची नावे. त्यांच्या शेवटी येणाऱ्या ‘पट्टी’ या शब्दाचा मराठीतील कर किंवा चिंधी या अर्थांशी संबंध नाही. मद्रास विद्यापीठाने १९२४ ते १९३६ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केलेल्या तमिळ कोशात या शब्दाला गाईंचा गोठा, मेंढवाडा, कोंडवाडा आणि लहान वस्ती असे अर्थ आहेत. आधी जनावरांचे कुंपण, मग त्याभोवती माणसांची वस्ती, असा हा अर्थविस्तार दिसतो. कन्नडमध्ये ‘प’चा ‘ह’ होऊन हाच शब्द ‘हट्टी’ झाला. निलगिरीतील बडगा समाजाची गावे आजही हट्टीच म्हणवतात. मराठी ‘गोठा’ संस्कृत ‘गोष्ठ’पासून आला आणि ‘गोष्ट’ हा शब्दही त्याच कुळातला. गाई जेथे एकत्र बांधल्या जात, तेथेच माणसेही जमत असत.

तमिळमध्ये मोकाट चरणाऱ्या जनावराला ‘पट्टी माडु’ म्हणतात. बंदिस्त जागा आणि बंधन न मानणारे जनावर, दोहोंना एकच शब्द. आजच्या चेन्नईचा प्रश्न नेमका या दोन अर्थांच्या मध्ये उभा आहे.

बंदिस्त जागेचे अर्थकारण दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार उत्पादक आहे. कापणीनंतर मेंढ्या रात्री शेतात बसविल्या जातात. तमिळ शेतकरी त्यास ‘किडै’ म्हणतो. खताच्या मोबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम मिळते, म्हणजे येथे कुंपण हेच उत्पन्नाचे साधन ठरते. दुसरा प्रकार दंडात्मक, म्हणजे कोंडवाडा. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने पीक तुडविणारे जनावर पकडून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठविण्याचा अधिकार दिला. सात दिवसांत मालक न आल्यास पोलिसांना कळवून नोटीस लावायची आणि त्यानंतरही कोणी न आल्यास लिलाव करायचा. दंड व चाराखर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकाची. कायद्याच्या व्याख्येत हत्ती आणि उंटही ‘गुरे’ आहेत. मद्रास, मुंबई व कलकत्ता ही इलाखा शहरे मात्र या कायद्यातून वगळली होती. कायदा मूलतः शेतीच्या संरक्षणासाठी होता. 

परीक्षार्थींनी घटनात्मक स्थिती लक्षात घ्यावी. ‘कोंडवाडे व गुरांच्या अतिक्रमणास प्रतिबंध’ हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा १६ वा विषय आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘कोंडवाडे, प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध’ हा १५ वा विषय म्हणून येतो. जबाबदारी अशा रीतीने नगरपालिकांकडे आली. पैसा त्या प्रमाणात आला का, हा वेगळा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या अरुंबाक्कम भागात गाईने एका शाळकरी मुलीवर हल्ला केला. त्यानंतर महापालिकेने दंड पहिल्या वेळी ५,००० आणि पुन्हा पकडल्यास १०,००० रुपये केला; २०२४ मध्ये तो आणखी वाढला. पकडलेली जनावरे पेरांबूर व पुदुपेट येथील कोंडवाड्यांत ठेवली जातात. अर्थशास्त्राच्या भाषेत हे बाह्य परिणामाचे उदाहरण होय. दुधाचे उत्पन्न मालकाचे, अपघाताची जोखीम पादचाऱ्याची. दंडाने ही जोखीम मालकाच्या खर्चात धरली जाते, हे खरे. परंतु जनावर बांधायला जागाच नसेल तर दंड हा केवळ रस्ता वापरण्याचे भाडे ठरतो आणि लहान मालक तो भरून पुन्हा तेच करतो. गावाचे गायरान म्हणजे तमिळ महसुली भाषेतील ‘मेय्च्चल पुरंबोक्कु’. शहर वाढले की प्रथम तेच नाहीसे होते. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी योजना आखावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात राज्यांना दिला. तो खेड्यांसाठी होता. शहराने गिळलेल्या खेड्याचे काय, याचे उत्तर त्यात शोधून सापडत नाही.

पांजरपोळ ही याहून निराळी संस्था, आणि उत्तरपत्रिकेत दोहोंची गल्लत वारंवार होते. कोंडवाडा सार्वजनिक सत्तेचा, मुदतीचा आणि दंडावर चालणारा. पांजरपोळ दानावर चालणारी, वृद्ध व अपंग जनावरांसाठी, बहुधा कायमची. मुंबईची पांजरपोळ १८३४ ची. चेन्नईत अयनावरम येथेही पांजरपोळ आहे.